कंपवात आणि मेंदूतली वायर: तुमची पत्रं, माझी उत्तरं

मागच्या अंकात कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सन्सच्या, गोळ्यांवर लिहिलं होतं आणि शेवटी डीबीएसबद्दल, म्हणजे डीप ब्रेन स्टिम्युलेशनबद्दल, एकच ओळ टाकली होती. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आली की या वेळचं अख्खं सदर त्यालाच देतेय. एक आधीच सांगते, मी न्यूरोलॉजिस्ट आहे, सर्जन नाही. कोणाला ऑपरेशनला पाठवायचं हे ठरवताना मी असते आणि ऑपरेशन झालं की मशीनच्या सेटिंगसाठी तेच पेशंट वर्षानुवर्षं माझ्यासमोर येऊन बसतात, त्यामुळे पुढचं सगळं तिथे बसून जे बघितलं त्यावरून लिहितेय. पत्रं थोडी कापलीत, नावं काढून टाकलीत.

प्रश्न: मॅडम, माझे बाबा ६३ वर्षांचे आहेत, कंपवात होऊन आठ वर्षं झाली. उजवा हात सारखा हलतो. गोळी घेतली की दोन-अडीच तास बरे जातात, मग परत सुरू. आता डॉक्टर म्हणतात डीबीएसचा विचार करा. आई खूप घाबरलीय, तिला वाटतं मेंदूचा भाग जाळतात आणि शॉक देतात. नक्की काय करतात ते सोपं करून सांगाल का?

आईंना पहिलं हे सांगा की डीबीएसमध्ये काही जाळत नाहीत, काही कापून काढत नाहीत, आणि झटका बसावा असा शॉकही नसतो. बहुतेक पेशंटना एकदा सेटिंग बसलं की करंट चालू आहे हे जाणवतही नाही.

कंपवातात काय होतं की मेंदूच्या खोल भागातल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी हळूहळू मरत जातात. डोपामिन कमी पडलं की हालचाल ताब्यात ठेवणारी जी सर्किटं आहेत त्यांची लय बिघडते, म्हणजे ज्या पेशींनी आपापलं वेगवेगळं काम करायचं त्या सगळ्या एकाच ठेक्यात अडकून पडतात. बाबांचा हात मांडीवर स्वस्थ ठेवलेला असतानाच जास्त हलत असेल, अंगठा आणि बोटांमध्ये काहीतरी वळतायत असं दिसत असेल, सेकंदाला चार ते सहा वेळा, आणि झोप लागली की थांबत असेल. हीच ती बिघडलेली लय, बाहेर दिसणारी. डीबीएसमध्ये त्या सर्किटच्या एका नाक्यावर बारीक वायर नेऊन ठेवतात आणि तिथे सेकंदाला साधारण १३० वेळा विजेचे अगदी सूक्ष्म ठोके देतात, त्याने तो अडकलेला ठेका मोडतो.

आईंची जाळण्याची भीती मात्र उगाच आलेली नाही. पूर्वी खरंच तसं करायचे. थॅलॅमस नावाच्या भागातला छोटासा तुकडा गरम करून निकामी करायचा, कंप थांबायचा, पण दोन्ही बाजूंना केलं तर बोलणं आणि तोल बिघडायची भीती मोठी. फ्रान्समधल्या ग्रेनोबल शहरात आलीम-लुई बेनाबिद नावाचे सर्जन होते, ते जाळण्याआधी जागा बरोबर आहे ना हे बघायला तिथे करंट देऊन बघायचे. त्यात त्यांच्या लक्षात आलं की ठोके सेकंदाला शंभरच्या आसपास नेले की न जाळताच कंप थांबतोय, आणि करंट बंद केला की परत येतोय. मग जाळायचंच कशाला, वायर तिथेच ठेवून देऊ, असा विचार पुढे आला. १९८७ सालची गोष्ट. १९९३ मध्ये त्यांच्याच टीमने सबथॅलॅमिक न्यूक्लियस नावाच्या दुसऱ्या जागी वायर बसवली आणि तिथून नुसता कंप नाही तर अंगाचा ताठरपणा आणि मंदपणाही कमी होतो हे दिसलं. आज कंपवातासाठी बहुतेक वेळा हीच जागा निवडतात, किंवा ग्लोबस पॅलिडस ही तिसरी. कुठली निवडायची हे पेशंट बघून ठरतं, अंग वेडंवाकडं हलण्याचा त्रास जास्त असेल किंवा स्मरणशक्तीची थोडी काळजी असेल तर बरेच जण पॅलिडसकडे झुकतात. सबथॅलॅमिकचा फायदा हा की नंतर गोळ्या बऱ्याच कमी करता येतात, ३० ते ५० टक्क्यांपर्यंत.

सामान तीन भागांत असतं. मेंदूत जाणारी वायर, तिला इलेक्ट्रोड म्हणतात, जाडी सव्वा मिलिमीटरच्या आसपास. कानामागून मानेतून कातडीखालून खाली येणारी दुसरी वायर. आणि गळपट्टीच्या हाडाखाली छातीवर बसवलेली बॅटरी, हृदयाच्या पेसमेकरसारखीच दिसते. बाहेर काहीही लोंबकळत नाही. मेंदूची उजवी बाजू डावा हात चालवते, त्यामुळे बाबांच्या उजव्या हाताची वायर डावीकडे बसेल, पण आठ वर्षांनी आजार बहुतेक दोन्हीकडे आलेला असतो म्हणून दोन्ही बाजूंना बसवण्याचा सल्ला मिळण्याची शक्यता जास्त.

आता धोक्याचं, कारण ते न सांगता होकार मागणं बरोबर नाही. मेंदूत रक्तस्राव होऊन त्रास होण्याचा धोका शंभरात एक ते दोन जणांना असतो. जंतुसंसर्ग शंभरात साधारण दोन ते पाच जणांना, त्यात कधी बसवलेलं सामान काढावं लागतं. ही लहान टक्केवारी आहे पण ज्याच्या घरात होतं त्याला ती लहान नसते, म्हणून आईंनाही सर्जनसमोर बसवून विचारू द्या, त्यांचा प्रश्न कितीही साधा असला तरी.

आणि बाबांना एक प्रश्न तुम्ही विचारा. "तुम्हाला नक्की काय परत करता यायला हवंय?" सही करायचीय, शर्टाचं बटण लावायचंय, चारचौघांत हात खिशात न लपवता बसायचंय, जे असेल ते कागदावर लिहून डॉक्टरकडे न्या. मी गेली कित्येक वर्षं प्रत्येकाला हाच कागद आणायला सांगते. त्यातल्या किती गोष्टी डीबीएसने होतील आणि किती होणार नाहीत हे आधीच समोरासमोर बोललं की पुढचा निम्मा मनस्ताप वाचतो.

प्रश्न: मी चित्रकलेचा शिक्षक होतो, वय ५८. माझा कंप गोळ्यांनी जवळजवळ कमीच होत नाही. कोणीतरी सांगितलं की ज्याला गोळी लागू पडत नाही त्याला डीबीएसही लागू पडत नाही, म्हणजे माझा रस्ता बंद. हे खरं आहे का?

अर्धं खरं आहे सर, आणि तुमच्या बाबतीत नेमकं जे अर्धं खरं नाही तेच महत्त्वाचं आहे.

नियम असा की ऑपरेशनआधी लेव्होडोपाची, म्हणजे कंपवाताच्या मुख्य गोळीची, चाचणी करतात. रात्रीपासून गोळ्या बंद ठेवायच्या, सकाळी तशाच अवस्थेत हालचाली तपासून मार्क द्यायचे, मग चांगला डोस देऊन तासाभराने परत तपासायचं. निदान ३० टक्के सुधारणा दिसली तर डीबीएसचा फायदा होईल असं धरतात, कारण ताठरपणा, मंदपणा, चाल यातलं जे गोळीने सुधारतं तेच साधारण डीबीएसने सुधारतं. पण कंप हा याला अपवाद आहे. गोळीला दाद न देणारा कंप डीबीएसला चांगली दाद देतो, आणि अशा हट्टी कंपासाठी ऑपरेशन करणं हे मान्य कारण आहे. अमेरिकेत १९९७ मध्ये एफडीएने, म्हणजे औषधं-उपकरणं तपासणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, डीबीएसला पहिली परवानगी दिली ती कंपासाठीच, कंपवाताच्या बाकीच्या त्रासासाठीची २००२ मध्ये आली.

पण थांबा, त्याआधी दोन गोष्टी तपासून घ्या. एक, गोळी पुरेशा डोसात आणि पुरेसे दिवस दिली होती का, कारण कमी डोसवर "लागू पडत नाही" असा शिक्का बसलेले पेशंट मी खूप बघितलेत. लेव्होडोपा जेवणातल्या प्रथिनांबरोबर घेतली तर नीट शोषलीही जात नाही. दुसरं, हा कंपवातच आहे ना? हात स्वस्थ असताना हलतो की ब्रश धरल्यावर, पेला तोंडाशी नेताना? फक्त काम करताना हलत असेल, वर्षानुवर्षं तसंच असेल, घरात अजून कोणाला असेल तर तो इसेन्शियल ट्रेमर हा वेगळाच आजार असू शकतो. त्यालाही डीबीएस करतात पण जागा वेगळी, थॅलॅमस. आणि कंपवाताच्या पेशंटला थॅलॅमसमध्ये वायर बसवली तर कंप जातो पण पुढे येणाऱ्या ताठरपणाला ती उपयोगी पडत नाही, म्हणून निदान पक्कं असल्याशिवाय जागा ठरवूच नये.

तुम्ही ५८ चे आहात, हात सोडला तर बाकी तब्येत चांगली असं लिहिलंयत. रस्ता बंद नाही सर. भेटीला जाल तेव्हा चित्राचे जुने कागद आणि आत्ताचे, दोन्ही घेऊन जा.

प्रश्न: आमचे हे ७४ चे. चौदा वर्षांचा कंपवात. अलीकडे दिवसाआड पडतात, त्यांचं बोललेलं आम्हाला कळत नाही, कालचं आज विसरतात, कधी कधी घरात कोणी माणसं आलीयत असं म्हणतात. मुलगा परदेशातून सारखा सांगतोय की डीबीएस करून टाकू, लागेल ते करू. मी काय उत्तर देऊ?

ताई, तुमच्या पत्राला मी सगळ्यात जास्त वेळ घेतला.

तुम्ही जे चार त्रास लिहिलेत, पडणं, अस्पष्ट बोलणं, विसरणं आणि नसलेली माणसं दिसणं, यातला एकही डीबीएसने बरा होणारा नाही. उलट विस्मरण सुरू झालेलं असताना मेंदूचं ऑपरेशन केलं तर गोंधळ वाढायची भीती असते, आणि बोलणं तर डीबीएसने कित्येकदा अजून जड होतं. गोळी नीट चढलेली असतानाही जो तोल जातो तो वायरने सावरत नाही. तुमच्या पत्रात कंपाचा शब्दसुद्धा नाही हे तुमच्या लक्षात आलं का? म्हणजे ज्यासाठी हे ऑपरेशन सगळ्यात चांगलं तो त्रास आता त्यांना मुख्य राहिलेलाच नाही.

मुलाला सांगा की कोणी पैसे वाचवत नाहीये, आईने हात टेकलेत असंही नाही, हे मशीन वेगळ्या त्रासासाठी आहे. त्याला काहीतरी करायचंच असेल, आणि त्याची तळमळ मला समजते, तर करण्यासारखं खूप आहे. माणसं दिसतात ते गोळ्यांमुळेही होऊ शकतं, कुठल्या गोळ्या कमी करता येतील हे लवकर दाखवा, ते खरंच निकडीचं आहे. पडण्याची वेळ लिहून ठेवा, उठल्या उठल्या पडत असतील तर ब्लडप्रेशर आडवं आणि उभं दोन्ही वेळा मोजा. बोलण्यासाठी स्पीच थेरपी, चालण्यासाठी फिजिओथेरपी. आणि रात्री तुमच्या जागी कोणीतरी जागायला हवं, तेही मुलाला सांगा, ते तुम्ही पत्रात कुठे लिहिलं नाहीत पण मला दिसलं.

प्रश्न: जागं ठेवून मेंदूचं ऑपरेशन करतात हे ऐकून माझी झोप उडालीय. दुखत नाही का?

मेंदूला स्वतःला दुखत नाही, त्यात वेदनेच्या नसाच नाहीत. दुखतं ते कातडीला आणि कवटीच्या आवरणाला, तिथे भूल देतात. डोक्याला सकाळी एक धातूची चौकट स्क्रूने बसवतात, त्याची इंजेक्शनं टोचतात, मग दाब जाणवतो. पेशंट मला सांगतात की सगळ्यात नकोशी तीच पाच मिनिटं. चौकटीसह स्कॅन करून जागा काढतात, कवटीला साधारण १४ मिलिमीटरचं भोक पाडतात, तेव्हा ड्रिलचा आवाज आणि कंपन डोक्यात भरून राहतं पण वेदना नाही.

जागं ठेवतात ते जागा बरोबर लागली का हे विचारता यावं म्हणून. ते ठिकाण काही मिलिमीटरचंच आहे, आणि आजूबाजूला हात-तोंड चालवणाऱ्या, डोळे फिरवणाऱ्या, स्पर्श नेणाऱ्या नसा आहेत. म्हणून अतिशय बारीक सुईने पेशींचा आवाज ऐकत खाली जातात, स्पीकरवर पावसासारखा खरखराट येतो आणि सबथॅलॅमिकमध्ये शिरलं की तो एकदम दाट होतो. मी एकदा टेबलाशेजारी उभी होते, पेशंट बाई होत्या, पाटीला लावलेला कागद मी त्यांच्यासमोर धरला होता आणि त्या पेनाने गोल गोल चकली काढत होत्या. पहिली चकली म्हणजे नुसते करवतीचे दाते. करंट सुरू केला, दोन व्होल्ट, मग अडीच, तशी पेनाची रेघ हळूहळू गुळगुळीत होत गेली आणि त्या काढायच्या थांबल्या. म्हणाल्या, माझा हात कुठे गेला? इतकी वर्षं सतत हलणारी गोष्ट थांबली तर माणसाला हात हरवल्यासारखा वाटतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

तरीही जागं राहणं जमणारच नाही असं वाटत असेल तर स्पष्ट सांगा. आता बऱ्याच ठिकाणी पूर्ण भूल देऊन एमआरआय किंवा सीटी बघत वायर बसवतात आणि अनुभवी हातात त्याचेही निकाल चांगले आहेत. बॅटरी बसवताना तर सहसा पूर्ण भूलच असते.

प्रश्न: ऑपरेशन झाल्यावर पहिले दहा दिवस माझा हात एकदम शांत होता, मशीन चालू केलंही नव्हतं तरी. घरात सगळे रडले आनंदाने. मग कंप परत आला. आता मशीन चालू करून दोन महिने झाले, तीन वेळा सेटिंग झालं, थोडा फरक आहे पण ते पहिले दहा दिवस परत आले नाहीत. फसल्यासारखं वाटतंय. वायर चुकीची बसली असेल का?

तुम्हाला कोणीतरी हे आधी सांगायला हवं होतं आणि सांगितलं नाही याचं मला वाईट वाटतं. वायर आत जाताना आसपासच्या भागाला थोडी सूज येते आणि तेवढ्याने तो बिघडलेला ठेका काही दिवस दबतो, म्हणून मशीन बंद असतानाही हात शांत होतो. सूज उतरली की कंप परत येतो. याचा अर्थ ऑपरेशन फेल गेलं असा नाही, उलट वायर योग्य जागेच्या जवळ असल्याची ही बहुतेक वेळा चांगली खूण असते. म्हणूनच आम्ही मशीन लगेच चालू करत नाही, दोन ते चार आठवडे थांबतो.

दोन महिने म्हणजे तुम्ही अजून मधल्या वाटेवर आहात. सेटिंग नीट बसायला तीन ते सहा महिने लागतात. पहिल्या सेटिंगला पेशंट रात्रीची आणि सकाळची गोळी न घेता येतो, बिचारा आखडलेला असतो. वायरच्या टोकाशी चार किंवा जास्त धातूच्या पट्ट्या असतात, प्रत्येक पट्टी वेगवेगळी चालू करून बघायची. मी त्यांचं मनगट माझ्या हातात धरते, वाकवते, सरळ करते, आणि करंट थोडा थोडा चढवते. आधी ताठरपणा सैल पडतो, तो माझ्या हाताला त्यांच्या आधी कळतो. मग अजून चढवलं की एका पट्टीवर बोटांना मुंग्या येतात, दुसरीवर तोंडाचा कोपरा ओढला जातो, तिसरीवर एकाचे दोन दिसतात. मुंग्या आल्या म्हणजे करंट स्पर्शाच्या नसेकडे सांडतोय, तोंड ओढलं म्हणजे स्नायूंच्या वाटेवर. फायदा कुठे सुरू होतो आणि त्रास कुठे सुरू होतो यातलं अंतर ज्या पट्टीवर जास्त ती निवडायची. नव्या वायरींमध्ये पट्टीचे तुकडे केलेले असतात, करंट एका बाजूला वळवता येतो, त्याने हे काम बरंच सुकर झालंय. आणि हे चालू असतानाच गोळ्याही कमी-जास्त करायच्या असतात. ताठरपणा काही सेकंदांत किंवा मिनिटांत सैल पडतो, कंपही लवकर कळतो, पण चाल आणि बाकीचे परिणाम उतरायला तास-दिवस लागतात. म्हणून आज बदल केला आणि उद्या परत बदलला असं करत राहिलं तर कशाने काय झालं तेच कळत नाही.

तुम्ही रोजच्या वहीत तीन गोष्टी लिहा, गोळी कधी घेतली, हात कधी हलला, बोलणं जड झालं का. ती वही पुढच्या सेटिंगला दाखवा. सहा महिने होऊनही कंप तसाच राहिला तर स्कॅन करून वायरचं टोक कुठे आहे ते बघायचा आग्रह धरा, तो तुमचा हक्क आहे. टोक खरंच लांब असेल तर वायर परत बसवताही येते.

प्रश्न: ऑपरेशनने मिस्टरांचा कंप नव्वद टक्के गेला, सगळे अभिनंदन करतात. पण मॅडम, ते बदललेत. रात्री दोन वाजता ऑनलाइन वस्तू मागवत बसतात, एकदम चिडतात, मी काही म्हटलं की "आता मी बरा झालोय, तुला बघवत नाही" म्हणतात. डॉक्टरांकडे गेलं की छान हसून बोलतात. हे कोणाला सांगू?

सेटिंग करणाऱ्या डॉक्टरांनाच सांगा, आणि याच आठवड्यात. त्यांच्यासमोर बोलता येत नसेल तर आधी फोन करा किंवा चिठ्ठी द्या, आम्ही अशा चिठ्ठ्या वाचतो.

हा तुमच्या संसारातला नेहमीचा खटका नाही. सबथॅलॅमिक न्यूक्लियसचा थोडा भाग हालचालीशी जोडलेला आहे आणि थोडा भावना आणि आवर घालण्याशी. करंट तिकडे पसरला तर माणूस उतावळा, नको इतका उत्साही होऊ शकतो. दुसरं कारण गोळ्या, प्रॅमिपेक्सोल आणि रोपिनिरोल या जातीच्या गोळ्यांनी खरेदी, जुगार, खाणं, लैंगिक वागणं यांवरचा ताबा सुटतो हे चांगलंच माहीत आहे. पट्टी बदलून, करंट कमी करून, गोळी बदलून हे बहुतेक वेळा आटोक्यात येतं. तोवर खर्चाचं कार्ड तुमच्याकडे ठेवता आलं तर ठेवा.

याच्या उलटही होतं हे बाकीच्या वाचकांसाठी लिहिते. गोळ्या फार झटकन कमी केल्या की काही जण थंड पडतात, कशातच रस राहत नाही, निराश होतात. कंप गेलाय, मग हा गप्प का, असं घरच्यांना वाटतं. मरणाचे विचार बोलून दाखवले तर एक दिवसही थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. चेहऱ्यावरून मला दहा मिनिटांत जे कळणार नाही ते घरच्या माणसाला कळतं, म्हणून मी पेशंटबरोबर आलेल्या माणसाला बाहेर बसवत नाही.

प्रश्न: कवटी न उघडता अल्ट्रासाऊंडने कंप घालवतात म्हणे, मग वायरचा खटाटोप कशाला?

होय, आहे तसं. एमआरआयमध्ये झोपवून हजारएक ठिकाणांहून ध्वनिलहरी मेंदूतल्या एका बिंदूवर आणतात आणि तो बिंदू तापवून निकामी करतात. अमेरिकेत २०१६ मध्ये इसेन्शियल ट्रेमरसाठी आणि २०१८ मध्ये कंप मुख्य असलेल्या कंपवातासाठी मान्यता मिळाली. चिरा नाही, बॅटरी नाही, वायर नकोच असलेल्या माणसाला हा चांगला पर्याय आहे. पण ही परत जाळण्याचीच पद्धत आहे, नव्या हत्याराने. झालं ते झालं, उलट फिरवता येत नाही, बहुतेक वेळा आधी एकाच बाजूला करतात, आणि काहींना तोल किंवा ओठांभोवतीचा बधिरपणा मागे राहतो. काहींची कवटी अशी असते की लहरी आत नीट जातच नाहीत. डीबीएस आवडत नसेल तर बंद करता येतं आणि आजार पुढे गेला तसं सेटिंगही पुढे नेता येतं, माझा कल तरुण पेशंटसाठी याच कारणाने डीबीएसकडे आहे.

प्रश्न: अजून किती थांबू? वय ५२, सहा वर्षांचा आजार, दिवसाला पाच वेळा गोळी, तरी मधे मधे हात-पाय बंद पडतात. डॉक्टर म्हणतात शेवटचा उपाय म्हणून ठेवू.

"शेवटचा उपाय" हा विचार आता मागे पडलाय. २०१३ मध्ये जर्मनी आणि फ्रान्समधल्या २५१ पेशंटांचा अभ्यास आला, सरासरी वय साधारण ५२, तुमच्याइतकंच, आणि गोळीचे चढ-उतार नुकतेच सुरू झालेले. नुसत्या औषधांवर असलेल्यांचं रोजचं जगणं दोन वर्षांत होतं तिथेच राहिलं, डीबीएस केलेल्यांचं २६ टक्क्यांनी सुधारलं. म्हणून आम्ही एक साधी खूण धरतो, दिवसाला पाच किंवा जास्त वेळा लेव्होडोपा, दोन तास किंवा जास्त "ऑफ", म्हणजे गोळीचा असर उतरलेला वेळ, किंवा तासभर त्रासदायक वेडीवाकडी हालचाल, यातलं काही असेल तर निदान तपासणीला तरी जा. याचा अर्थ लगेच ऑपरेशन असा नाही. पण फार थांबलं की तोल आणि स्मरणशक्ती जाते आणि मग वर ज्या ताईंना मी नाही म्हटलं तसं तुम्हालाही नाही म्हणावं लागेल. दुसरीकडे, पहिल्या दोन-तीन वर्षांतही घाई करू नये, कारण कंपवातासारखे दिसणारे दुसरे आजार तेवढ्यात वेगळे ओळखू येतात आणि त्यांना डीबीएसचा उपयोग नसतो.

आणि डीबीएसने आजार थांबत नाही, पेशी मरायच्या त्या मरतच राहतात. तुम्हाला कामाची, मुलांबरोबरची चांगली वर्षं जास्त मिळतात, हे मोठंच आहे.

प्रश्न: बसवल्यावर काय काय जपायचं? मोबाइल, मायक्रोवेव्ह, विमानतळ, एमआरआय? आणि बॅटरी संपली तर?

मोबाइल, मायक्रोवेव्ह, टीव्ही यांची काळजी सोडा. विमानतळावर मशीनचं ओळखपत्र दाखवा आणि हाताने तपासायला सांगा, मेटल डिटेक्टरचा हातातला दांडा बॅटरीवर धरू देऊ नका. एमआरआय आता बऱ्याच मशीनना चालतो पण ठराविक अटींवर, म्हणून मॉडेल कळवून, आधी सेटिंग बदलूनच. वेल्डिंगच्या जवळ जाऊ नका. दुसरं कुठलंही ऑपरेशन, दात साफ करणंसुद्धा, असेल तर आधी सांगा.

एक गोष्ट मात्र लाल शाईने लिहून ठेवा, डायथर्मी. पाठ-गुडघा दुखतो म्हणून फिजिओथेरपीत जो लहरींचा खोल शेक देतात तो. मशीन बंद असलं तरी चालत नाही, वायर तापून मेंदूला कायमची इजा झाल्याची उदाहरणं आहेत. साधी गरम पाण्याची पिशवी वेगळी, ती बॅटरीपासून लांब चालते.

पोहणं. हे फार जणांना माहीत नसतं. झुरिकच्या डॉक्टरांनी नऊ पेशंटांची नोंद केलीय, सगळे आधी पट्टीचे पोहणारे, डीबीएसनंतर कंप सुधारला पण पाण्यात उतरल्यावर हातपाय एकत्र चालेनात. त्यामुळे कितीही पोहता येत असलं तरी पहिल्यांदा उथळ पाण्यात, सोबत कोणीतरी असतानाच.

बॅटरी साधी असेल तर साधारण तीन ते पाच वर्षं चालते, चार्ज करायची असेल तर पंधरा वर्षं किंवा जास्त. बदलताना छातीवरचा छोटा चिरा, मेंदूला हात लावत नाहीत. साध्या बॅटरीत किती उरलंय ते प्रत्येक भेटीत विचारा आणि कमी झाली की तारीख आधीच घ्या. कंप एका दिवसात एकदम पूर्वीसारखा परत आला तर आजार वाढला असं समजून घरी बसू नका, आधी हातातल्या रिमोटवर मशीन चालू आहे का बघा. कधी चुकून बंद झालेलं असतं आणि एक बटण दाबून काम होतं. चालू होत नसेल तर त्याच दिवशी हॉस्पिटलला फोन करा, कारण खूप वर्षं डीबीएसवर असलेल्या माणसाचं मशीन अचानक थांबलं तर अंग लाकडासारखं आखडून ताप चढू शकतो, गिळता येत नाही, जिवावर बेततं. तेवढ्या वेळासाठी लेव्होडोपा किती घ्यायची हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या आणि तो कागद ओळखपत्राबरोबर पाकिटात ठेवा, रिमोट कुठे असतो हेही घरातल्या दोघांना तरी माहीत असू द्या.